विवेकनिष्ठ समुपदेशन आणि लाइफ कोचिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चौकशीच्या फोनवर, पहिल्या भेटीच्या फॉर्ममधल्या शेवटच्या रकान्यात आणि रात्री उशिरा येणाऱ्या व्हॉट्सॲप मेसेजमध्ये जे प्रश्न परत परत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझ्या कामाच्या पद्धतीपुरती आहेत. उदाहरणांतली माणसं कुणी एक नाहीत, अनेकांच्या अडचणी एकत्र करून ती रचली आहेत. सगळं वाचायची गरज नाही. तुमचा प्रश्न शोधा, पुढे कुठे जायचं ते उत्तरातच सांगितलं आहे.

१. तुम्ही थेरपिस्ट आहात की लाइफ कोच? एक काय ते सांगा ना.

माझं शिक्षण समुपदेशन मानसशास्त्राचं आहे. कामाची मुख्य चौकट विवेकनिष्ठ मानसोपचाराची, म्हणजे आरईबीटीची (प्रश्न ३). त्यावर कोचिंगची काही अवजारं वापरते: ध्येय ठरवणं, त्याचे टप्पे पाडणं, दर आठवड्याला आढावा घेणं. एकाच तासात दोन्ही होऊ शकतं. मात्र आपण आत्ता यातलं काय करतोय हे मी मोठ्याने सांगते, आणि तुम्हीही कधीही विचारू शकता. हे न सांगता केलेलं मिश्रण मला धोक्याचं वाटतं. का, ते प्रश्न १४ मध्ये आहे.

२. मग दोन्हींत फरक काय? दोन्हीकडे बोलायचंच असतं.

थेरपीत आपण त्रासापासून सुरुवात करतो: झोप उडाली आहे, कामावर जायची भीती वाटते, घरात सतत स्फोट होतात. कोचिंगमध्ये सुरुवात इच्छेपासून होते: नोकरी बदलायची आहे, व्यवसाय वाढवायचा आहे, निवृत्तीनंतर काय करायचं ते ठरवायचं आहे. कोच असं धरून चालतो की समोरचा माणूस सध्या ठीकठाक आहे आणि ठरवलेलं पाऊल उचलू शकतो. थेरपिस्टला तसं धरून चालता येत नाही, त्याला आधी तपासावं लागतं.

प्रत्यक्षात माणसं अशी वेगळी पॅकेटं करून येत नाहीत. नोकरी बदलायची असलेल्याला मुलाखतीच्या विचारानेच घाम फुटतो. त्याला नुसता बायोडेटा सुधारून देऊन भागत नाही, आणि नुसतं बालपणाबद्दल बोलूनही नोकरी मिळत नाही.

३. आरईबीटी म्हणजे काय? आणि हीच पद्धत का?

न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) आधी मनोविश्लेषण करत. त्यात वर्षानुवर्षं जातात आणि माणूस जागचा हलत नाही, असं वाटून त्यांनी १९५५ मध्ये स्वतःची पद्धत मांडली. अमेरिकेतलेच मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांची कॉग्निटिव्ह थेरपी त्यानंतर आली. आज सीबीटी (विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणाऱ्या उपचारपद्धती) म्हणून जे कुटुंब ओळखलं जातं, त्यातली ही थोरली पाती. मूळ कल्पना एलिस यांनी एपिक्टेटस या प्राचीन तत्त्वज्ञाकडून घेतली: माणूस घटनेने अस्वस्थ होत नाही, घटनेकडे तो ज्या नजरेने पाहतो तिने होतो.

स्वतः एलिस तरुणपणी मुलींशी बोलायला कमालीचे घाबरत. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी ठरवलं की ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी जाऊन बसायचं आणि बोलायचं. महिनाभरात ते शंभरेक जणींशी बोलले. भेटायला तयार झाली एकच, तीही आली नाही. भीती मात्र गेली. ही गोष्ट ते स्वतःच सांगत. यात थेरपी किती आणि कोचिंग किती, हे वेगळं काढून दाखवणं अवघड आहे. मला ही पद्धत आवडते त्याचं कारण तेच: विचार तपासायचा आणि लगेच उठून काहीतरी करायचं.

४. हे प्रत्यक्षात कसं चालतं? एखादं उदाहरण द्या.

पुण्यातल्या अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करणारा मुलगा घ्या. पूर्वपरीक्षा थोडक्यात हुकली आहे. तो येतो तो ‘मला टाइमटेबल बनवून द्या’ म्हणत. सध्या काय होतंय विचारलं, तर पुस्तक उघडं असतं आणि हातात फोन असतो. रात्री दोनपर्यंत झोप नाही. गावाकडून फोन आला की तो उचलत नाही.

टाइमटेबल बनवून देता येतं. ते तीन दिवस चालतं, चौथ्या दिवशी मोडतं आणि ‘साधं टाइमटेबलही पाळता येत नाही’ हा नवा दगड डोक्यावर येतो. म्हणून आधी आत चाललेली वाक्यं कागदावर घेतो. ती साधारण अशी निघतात: ‘यंदा झालंच पाहिजे.’ ‘नाही झालं तर संपलं सगळं.’ ‘घरच्यांचे चेहरे मला बघवणारच नाहीत.’ ‘मी वाया गेलेला आहे.’ एलिस यांनी अविवेकी विचारांचे जे चार साचे सांगितले, ते इथे ओळीने बसतात: हट्ट, आभाळ कोसळल्याची भाषा, सहनच होणार नाही ही घोषणा, आणि पूर्ण माणसावर मारलेला शिक्का. पहिला साचा सगळ्यांचा बाप. बाकीचे तीन त्याच्यातून निघतात.

मग प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न. याला पुरावा काय? एकातून दुसरं खरंच निघतं का, म्हणजे परीक्षा हुकली यावरून माणूस वाया गेला हे कसं सिद्ध होतं? आणि हे वाक्य धरून ठेवल्यामुळे माझा अभ्यास होतोय का? तिसऱ्या प्रश्नाला मुलं सहसा हसतात. उत्तर समोरच पडलेलं असतं.

बऱ्याच खाडाखोडीनंतर नवीन वाक्य तयार होतं: ‘यंदा पास व्हायची माझी मनापासून इच्छा आहे, त्यासाठी मी कष्ट घेईन. पण तसं व्हायलाच हवं असा नियम कुठे नाही. नाही झालं तर फार वाईट वाटेल, पैशाचा आणि वयाचा हिशेब नव्याने मांडावा लागेल. ते जड जाईल, पण सोसेल.’ हे वाक्य मी लिहून देत नाही, त्यानेच ते स्वतःच्या बोलीत लिहायचं. माझ्या भाषेतलं वाक्य त्याच्या कामाचं नसतं.

यानंतर टाइमटेबल. आता ते टिकण्याची शक्यता बरी असते, कारण एक दिवस मोडला तर तो एकच दिवस मोडलेला असतो. इथे कोचिंग सुरू होतं: या आठवड्यात कुठल्या विषयाचे जुने पेपर, फोन अभ्यासिकेच्या लॉकरमध्ये की घरी, आणि एक प्रश्न जो कुणालाच आवडत नाही: पर्यायाचा विचार कुठल्या तारखेला करायचा? बहुतेक पदांसाठी खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ आहे. इतकी लांब दोरी असली की निर्णय कधी घ्यावाच लागत नाही. म्हणून तारीख आपण ठरवायची.

५. हट्ट सोडला तर मी आळशी होईन. ‘झालंच पाहिजे’ म्हणूनच तर आजवर इथपर्यंत आलो.

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि तो विचारणारे बहुधा मेहनती असतात. ज्यांना खरंच आळस आहे त्यांना ही भीती पडत नाही.

हट्टाने काम होतं, हे मी नाकारत नाही. चाबकाने घोडाही पळतोच. अडचण येते ती घोडा दमल्यावर, तेव्हा चाबूक आणखी जोरात बसतो. इच्छा तीव्र ठेवायला या पद्धतीची काहीच हरकत नाही, उलट ती जितकी तीव्र असेल तितकं चांगलं. सोडायची आहे ती फक्त तिच्या मागची धमकी: ‘नाहीतर मी कवडीमोलाचा.’ कोचिंगच्या बाजारात नेमकी उलटी गोष्ट विकली जाते. ध्येय मोठं लिहा, भिंतीवर लावा, रोज ओरडून म्हणा. हट्ट आधीच असलेल्या माणसाला हे दिलं की आठ-दहा दिवस तो हवेत असतो आणि मग पूर्वीपेक्षा खाली येतो. माझ्याकडे अशी शिबिरं करून आलेली माणसं बरीच येतात. त्यांच्या वह्या ध्येयांनी भरलेल्या असतात.

विश्वास बसत नसेल तर प्रयोग करून बघा. एक महिना एकाच कामापुरता हट्ट सोडा, बाकी सगळं तसंच राहू द्या. काम कमी झालं तर परत धरा. तो कुठे पळून जात नाही.

६. म्हणजे कायम सकारात्मक विचार करायचा?

नाही. वाईट घडलं तर वाईट वाटायलाच हवं. आपण चिंतेच्या जागी काळजी, नैराश्याच्या जागी दुःख, संतापाच्या जागी नाराजी आणि अपराधगंडाच्या जागी पश्चात्ताप आणायचा प्रयत्न करतो. या जोड्यांमधला दुसरा शब्दही सुखाचा नाही. पण काळजी वाटणारा माणूस डॉक्टरकडे जातो, चिंतेने पोखरलेला रिपोर्ट उघडायचंही टाळतो. ‘सगळं छान होईल’ असं मी कुणाला सांगत नाही, मला ते ठाऊक नसतं.

घरात मृत्यू झाला असेल तर पहिले काही आठवडे वाक्यं तपासण्याचा उद्योग मी करतच नाही. तेव्हा सोबत पुरते.

७. पहिल्या भेटीत काय होतं? एकूण किती सत्रं लागतात?

पहिली भेट माहितीची: त्रास काय, कधीपासून, झोप-भूक कशी आहे, घरात कोण कोण आहे, आधी कुठे उपचार घेतले का, गोळ्या चालू आहेत का. नैराश्याचा अंदाज घेण्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची छोटी चाचणीही भरून घेते. शेवटी आपण कशावर काम करायचं ते दोघं मिळून एका ओळीत लिहितो. ती ओळ नंतर बदलली तरी चालते.

एका ठरावीक अडचणीवर काम असेल तर साधारण आठ ते बारा सत्रं, आधी आठवड्याला एक, मग पंधरवड्याने. सहाव्या सत्राला आढावा असतो. तोवर काहीच हललं नसेल तर पद्धत बदलायची की समुपदेशक बदलायचा, हे मोकळेपणाने बोलतो. एकदम वीस सत्रांचे पैसे आगाऊ मागणाऱ्या कुणाकडेही जाऊ नका, माझ्याकडेसुद्धा.

८. गृहपाठ असतो म्हणे. बसमध्ये ओरडायला लावतात, हे खरं का?

गृहपाठ असतोच. दोन सत्रांमधल्या सहा दिवसांत काही केलं नाही तर तासभराच्या बोलण्याने फारसं होत नाही. बहुतेक वेळा तो साधाच असतो: रोज एक प्रसंग, त्यातलं वाक्य, तीन प्रश्न.

बसचं खरं आहे, पण सक्ती नाही. एलिस यांचा लाजेवरचा एक व्यायाम होता: गाडीत पुढचं स्टेशन मोठ्याने जाहीर करायचं. दुसरा त्याहून प्रसिद्ध, केळ्याला दोरी बांधून रस्त्यावरून फिरवायचं. ‘लोक काय म्हणतील’ याचा प्रत्यक्ष अनुभव घ्यायचा आणि आपण त्यातून सहीसलामत बाहेर येतो हे बघायचं. आपल्याकडे मी सौम्य आवृत्त्या सुचवते: किराणा दुकानात भाव विचारून काही न घेता परत येणं, नातेवाइकांच्या घोळक्यात ‘नको, मला आता भूक नाही’ म्हणून खरंच न जेवणं. हा दुसरा प्रकार केळं फिरवण्यापेक्षा अवघड आहे, असं अनेकींनी सांगितलं आहे. कुणाला इजा होईल, नोकरी धोक्यात येईल किंवा कायदा मोडेल असं काहीही यात नसतं.

९. मला त्रास काही नाही, फक्त करिअरचा निर्णय घ्यायचाय. थेट कोचिंग मिळेल?

हो. पहिली भेट तरीही प्रश्न ७ प्रमाणेच होईल. त्यात काही निघालं नाही तर तीन-चार सत्रांत काम संपू शकतं: काय हवं आहे, आत्ता कुठे आहोत, वाटा किती, त्यातली कुठली आणि कधी. कोचिंगवाले यालाच ‘ग्रो’ मॉडेल म्हणतात.

एक पूर्वसूचना. ‘निर्णय घेता येत नाही’ म्हणून आलेल्या पुष्कळ जणांपाशी माहिती भरपूर असते. अडलेलं असतं ते ‘निर्णय चुकताच कामा नये’ या ठिकाणी. तसं असेल तर आपण प्रश्न ४ कडे वळतो.

१०. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायची गरज आहे हे कसं ओळखायचं? आणि गोळ्या चालू असल्या तर तुमच्याकडे यावं का?

दोन आठवडे किंवा जास्त काळ जवळजवळ रोज उदास वाटणं, कशातच रस नसणं, झोप-भूक बिघडणं, अंथरुणातून उठवत नसणं. इतरांना न दिसणारं दिसणं किंवा न ऐकू येणारं ऐकू येणं. दिवसेंदिवस झोप न घेताही प्रचंड उत्साह आणि उधळपट्टी. दारू किंवा नशा न सुटणं. यातलं काहीही असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे मनाच्या आजारांचे डॉक्टर. पीएचक्यू-९ मध्ये २७ पैकी १० किंवा अधिक गुण आले तरी मी भेटून यायला सांगते. थायरॉइड, रक्तक्षय आणि बी-१२ यांच्या तपासण्याही करून घ्या. थकवा आणि मरगळ तिथूनही येते, आणि ती कुठल्याही समुपदेशनाने जात नाही.

जीव नकोसा वाटत असेल तर भेटीची वेळ मिळेपर्यंत थांबू नका. टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. किंवा जवळच्या रुग्णालयात जा, कुणाला तरी सोबत घ्या.

गोळ्या चालू असताना समुपदेशन चालतं, अनेकदा दोन्ही मिळून जास्त चांगलं चालतं. गोळी देणं, कमी करणं, बंद करणं हे फक्त डॉक्टरांचं काम. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, त्यामुळे ‘चार दिवस घेतल्या, फरक नाही’ म्हणून सोडू नका. आणि एखादा कोच ‘इच्छाशक्ती असेल तर गोळ्या कशाला’ म्हणाला तर गोळ्या चालू ठेवा, कोच सोडा.

११. समोरचा माणूस लायक आहे हे कसं तपासायचं?

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) नोंदणी लागते. परिषदेचा कायदा १९९२ चा. नोंदणी क्रमांक बेधडक विचारा. समुपदेशकांसाठी अशी सक्ती आजवर नव्हती. २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात त्यांचाही समावेश झाला आहे. त्याची अंमलबजावणी पूर्ण होईपर्यंत निदान मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आणि कुणाच्या देखरेखीखाली काम केलं आहे का, एवढं विचारा.

लाइफ कोच व्हायला भारतात कसलाही परवाना लागत नाही. आज बोर्ड लावला की उद्या कोच. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन प्रमाणपत्रं देते. पहिल्या पायरीसाठी किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. ही शिस्त चांगलीच आहे, पण हे प्रमाणपत्र मानसिक आजार हाताळायची परवानगी देत नाही. व्हिजिटिंग कार्डावर ते ठळक आणि मानसशास्त्राची पदवी कुठेच नसेल, तर प्रश्न १० मधल्या कुठल्याही तक्रारीसाठी तिथे जाऊ नका.

१२. मी सांगितलेलं घरच्यांना कळेल का? फी बाबा भरतात.

फी कुणी भरली यावर गोपनीयता ठरत नाही. तुम्ही सज्ञान असाल तर बाबांना मी फक्त पावती देते. तुम्ही येता की नाही, हेही तुमच्या परवानगीशिवाय सांगत नाही. कंपनीने फी भरली तरी हाच नियम.

अपवाद पहिल्याच भेटीत लेखी देते. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला तर गरजेपुरतं बोलावं लागतं. न्यायालयाने आदेश दिला तर माहिती द्यावी लागते. आणि अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं समजलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. त्यात घराण्याची अब्रू, मुलाचं लग्न वगैरे काही आड येत नाही.

१३. माझा नवरा फार चिडतो. त्याला पाठवते, तुम्ही समजावा. आणि तो आलाच नाही तर? मीच विचार बदलायचे का?

यात दोन वेगळे प्रश्न आहेत. नुसता चिडका स्वभाव असेल आणि त्याला स्वतःहून यायचं असेल तर जरूर येऊ दे. जबरदस्तीने पाठवलेला माणूस तासभर घड्याळ बघतो. तुम्ही एकट्या आलात तर काम तुमच्यावर होईल: त्याच्या चिडण्याने तुमचं काय होतं आणि तुम्हाला काय करायचंय. त्याला बदलण्याची युक्ती माझ्याकडे नाही.

पण चिडणं म्हणजे मारणं, धमकावणं, पैसे काढून घेणं, घराबाहेर पडू न देणं असेल, तर प्रश्न ४ मधली पद्धत पहिल्यांदा वापरायची नाही. आरईबीटीवरचा सर्वांत रास्त आक्षेप हाच आहे की चुकीच्या हातात ती सोसायला शिकवते. ‘घटना वाईट नसते, दृष्टी वाईट असते’ हे मार खाणाऱ्या बाईला ऐकवणं हा क्रूरपणा आहे, आणि एलिस यांच्या मांडणीतही ते बसत नाही. वाईट ते वाईटच, ते बदलता येत असेल तर बदलायचं. तेव्हा आधी सुरक्षितता: महिला हेल्पलाइन १८१, तातडीची वेळ असेल तर ११२. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि उत्पन्न कितीही असो, स्त्रियांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. विचारांवरचं काम नंतर, आणि तेही बहुधा ‘मी तक्रार केली तर मी वाईट बायको’ अशा वाक्यांवर.

१४. कोचिंगसाठी आले होते, मध्येच लहानपणीचं काहीतरी वर आलं. आता काय?

असं होतं. धंदा वाढवायला आलेल्या बाईला मोठ्या आवाजात बोलणाऱ्या पुरुष ग्राहकासमोर थरथर सुटते, आणि ती कुठून येते ते एका सत्रात अचानक कळतं. अशा वेळी मी ध्येयाचा कागद बाजूला ठेवते आणि स्पष्ट सांगते की आपण आता वेगळ्या कामाशी आलो आहोत. पुढे जायचं का, हे तुम्ही ठरवायचं. ‘आत्ता नको, मला फक्त दुकानाचं बोलायचंय’ हेही उत्तर चालतं.

जायचं ठरलं तर नव्याने संमती घेते, कारण आधीची संमती कोचिंगपुरती होती. आघात खोल असेल, म्हणजे प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा येणं, अचानक बधिर होणं, रात्री दचकून उठणं असं असेल, तर त्यात खास प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीकडे पाठवते. त्या काळात कोचिंग थांबवलेलं बरं. थरथरत्या अवस्थेत आठवड्याची उद्दिष्टं द्यायची आणि ती पुरी झाली नाहीत म्हणून हिशेब मागायचा, याने माणूस आणखी खचतो.

१५. विम्यात पैसे मिळतात का?

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांसारखंच संरक्षण देणं भाग पाडलं आहे. त्याचा उपयोग मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर होतो. समुपदेशनाच्या सत्रांचे पैसे बाह्यरुग्ण (ओपीडी) संरक्षण घेतलं असेल तरच मिळू शकतात, पॉलिसीचा कागद बघा. कोचिंग हा आजारावरचा उपचार नाही, त्यामुळे त्याची पावती मी उपचाराची म्हणून बनवून देत नाही. दर वेळी कुणीतरी विचारतंच.

१६. मी न्यू जर्सीत असते. मराठीतून बोलायचंय. ऑनलाइन चालेल?

भारतात कुठेही असाल तर चालेल. दार लावता येणारी खोली आणि हेडफोन एवढं हवं. अमेरिकेत मात्र थेरपीचा परवाना राज्याराज्यांचा असतो आणि साधारणपणे तुम्ही सत्राच्या वेळी ज्या राज्यात बसला आहात, तिथला लागतो. माझ्याकडे तो नाही. कोचिंगला परवाना लागत नाही म्हणून थेरपीलाच ‘कोचिंग’ म्हणून विकायची पळवाट अनेक जण वापरतात. मी ती वापरत नाही. करिअर, परत यायचं की नाही, आई-वडिलांची व्यवस्था अशा निर्णयांसाठी मी बोलेन. प्रश्न १० मधलं काही असेल तर तिथल्याच परवानाधारक व्यक्तीला भेटा. थेरपिस्टच्या याद्यांमध्ये भाषेप्रमाणे शोधायची सोय असते. जिवाचं संकट असेल तर तिथला क्रमांक ९८८ आहे. सुट्टीला महिनाभर पुण्यात येणार असाल तर त्या महिन्यापुरतं थेरपी सुरू करून मध्येच सोडणंही मला पटत नाही, त्यामुळे तेवढ्यासाठी वेळ मागू नका.